उताराचा फोटो

प्राचीन रोमन जलसेतूंचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेले असतात. कॅलेंडरवर, इतिहासाच्या पुस्तकात, नाहीतर सकाळी सकाळी मोबाइलवर येणाऱ्या सुविचारांच्या मागे. फ्रान्समधला पाँ द्यू गार, तीन मजली, नदीपासून ४९ मीटर उंच. स्पेनमधला सेगोव्हियाचा जलसेतू, चुना न वापरता नुसते ग्रॅनाइटचे दगड एकमेकांवर रचून उभा केलेला. रोमच्या वेशीबाहेर शेतांतून तुटत तुटत गेलेल्या अक्वा क्लॉडियाच्या कमानी. या फोटोंत एक गोष्ट मात्र हटकून नसते, ती म्हणजे पाणी. ते कुठून आलं, कुठे गेलं, मधे काय झालं, याचा पत्ता फोटोवरून लागत नाही. वर्धा जिल्ह्यात राहून ज्यांना आपल्या भागातल्या पाण्याच्या जुन्या-नव्या बांधकामांचे फोटो काढून ठेवायचे आहेत, त्यांनी सुरुवात या उणिवेपासून करावी असं मला वाटतं. कारण कॅमेरा हाती आला की आपणही तेच करतो. कमान शोधतो, तिच्याखाली कुणाला तरी उभं करतो आणि काम झालं असं समजून घरी येतो.

जलसेतूचं खरं कौशल्य कमानीत नाही, उतारात आहे. पाँ द्यू गार ज्या जलवाहिनीचा तुकडा आहे ती सुमारे ५० किलोमीटर लांब होती आणि नीम नावाच्या शहराला पाणी नेत होती (आपल्या कडुनिंबाशी या नावाचा काही संबंध नाही). या सगळ्या लांबीत पाणी उतरतं फक्त १२.६ मीटर. किलोमीटरमागे जेमतेम वीतभर. वर्ध्याहून सेवाग्रामला, म्हणजे सुमारे आठ किलोमीटर, एवढ्याच उताराने पाणी न्यायचं ठरवलं तर ते पोचेपर्यंत दोनच मीटर खाली आलेलं असेल. खुद्द पुलावर तर उतार अडीच सेंटिमीटरच्या आसपास आहे. डोळ्यांना तो दिसत नाही, मग कॅमेऱ्याला कुठून दिसणार? उतार जास्त झाला तर पाणी तळ खरवडतं, कमी झाला तर गाळ बसतो, आणि हा तोल राखण्यासाठी सारा खटाटोप असतो. कमान ही त्यातली नाइलाजाची जागा. जमीन एकदम खाली गेली, वळसा घालणं परवडेना, तेव्हाच कमानी उभ्या करायच्या. इसवी सनपूर्व १४४ मध्ये सुरू झालेली अक्वा मार्सिया रोमच्या जलवाहिन्यांत मोठी गणली जाते. तिच्या सुमारे ९१ किलोमीटरांपैकी ८० किलोमीटर जमिनीखालून जातात. इसवी सन ९७ मध्ये रोमच्या पाणीखात्याचा प्रमुख झालेल्या फ्रॉन्टायनसने ही मोजमापं लिहून ठेवली म्हणून ती आपल्याला माहीत आहेत. म्हणजे फक्त कमानींचे फोटो जमवणारा माणूस जलवाहिनीचा आठव्या हिश्श्याहूनही कमी भाग पाहतो आणि तेवढ्यालाच सगळी जलवाहिनी समजतो.

छायाचित्रकारांतही दोन घराणी झाली. एदुआर बाल्दूसने १८५० च्या दशकात पाँ द्यू गारचे जे फोटो काढले ते आजही पाहत राहावेत असे आहेत. भव्यता, सावली, दगडाचं वजन, सारं त्यांत आहे. दुसरीकडे जॉन हेन्री पार्कर या इंग्रज गृहस्थाने १८६० आणि १८७० च्या दशकांत रोममधल्या अवशेषांचे तीन हजारांवर फोटो काढवून घेतले. त्यांतले कितीतरी दिसायला रुक्ष आहेत: उघडा पडलेला पाट, फुटलेली भिंत, विटांचा थर. पुढे एस्थर व्हॅन डेमन आणि टॉमस अॅश्बी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोमभोवतीच्या रानात मैलोगणती चालत जलवाहिन्यांचा माग काढला. दोघांच्या हातात कॅमेरा होता. व्हॅन डेमनबाईंचा ग्रंथ १९३४ मध्ये आला, अॅश्बीचा त्याच्या मृत्यूनंतर १९३५ मध्ये. त्यांनी पाहिलेल्या अनेक जागांवर नंतर शहर चढलं. आज अभ्यासकाला त्या जागी काय होतं हे पाहायचं तर या रुक्ष फोटोंकडेच जावं लागतं. बाल्दूस मोठा कलावंत होता यात वाद नाही, पण आपल्या जिल्ह्यात आज जास्त गरज कुणाची आहे असं विचाराल तर मी पार्कर आणि व्हॅन डेमन यांच्या बाजूने उभा राहीन.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आमच्याकडे आहेच काय रोमसारखं? कमानींच्या हिशेबाने पाहिलं तर खरंच फारसं नाही. उताराच्या हिशेबाने पाहिलं तर गावोगाव आहे. मोटर येण्याआधी वावरातली दगडी विहीर कशी होती ते आठवा, किंवा घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. बैल धावेवरून खाली उतरत, मोट वर येई, थारोळ्यात रिकामी होई, आणि थारोळं वावरापेक्षा उंच बांधलेलं असल्याने पाणी आपोआप पाटाने शेवटच्या वाफ्यापर्यंत जाई. उंचावर पाणी आणायचं आणि मग उताराच्या जिवावर न्यायचं, ही रोमन जलवाहिनीचीच गोष्ट, शंभर पावलांत मावलेली. बैल गेले, मोट गेली, पण धावेचा उतार, थारोळ्याचा दगड, त्यावर सोलाने, म्हणजे मोटेच्या दोराने, पाडलेल्या खाचा अनेक ठिकाणी अजून आहेत, आणि विहीर बुजवली की त्याही जातात. दुसरी गोष्ट कालव्यांची, ज्यांना आपल्याकडे बहुतेक लोक नहरच म्हणतात. बोर, धाम, निम्न वर्धा या प्रकल्पांचे कालवे जिल्ह्यातल्या शेतशिवारांतून जातात. कालव्याच्या वाटेत नाला आडवा आला की मुख्यतः तीन मार्ग असतात. नाल्यावरून कालवा न्यायचा, तो जलसेतू. नाल्याखालून बंद नळीतून कालवा काढायचा. किंवा नाल्यालाच कालव्यावरून पलीकडे उतरवायचं. सिमेंटचा जलसेतू पाहून कुणी कॅलेंडर छापणार नाही हे मान्य. पण अभियंत्यापुढचा प्रश्न फ्रॉन्टायनसच्या लोकांपुढे होता तोच आहे, आणि इथे तुमच्या नशिबाने पाणी अजून वाहतं आहे. रोममध्ये फोटो काढणाऱ्याला बहुतेक ठिकाणी ते भाग्य मिळत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. दिसली कमान की तो जलसेतू, असं नसतं. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली, ती याच जिल्ह्यातून, आणि रेल्वेच्या बांधकामात दगडी कमानींची कमतरता कधीच नव्हती. खालून पाहिलं तर रेल्वेची मोरी आणि जलसेतू जुळे भाऊ वाटतात. फरक माथ्यावर असतो. जलसेतूच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना भिंती आणि मधे पन्हळ असते, तळाला गिलावा असतो. म्हणून बांधकाम कशाचं आहे हे ठरेपर्यंत फोटोखाली नाव लिहू नये. आधी माथा पाहावा, निदान वरून काय जात होतं हे शेजारच्या वावरवाल्याला विचारावं.

आता प्रत्यक्ष फोटोकडे येऊ. उतार एका फोटोत येत नसेल तर तो मालिकेत आणावा लागतो. मालिका पाण्याच्या दिशेने चालायची: पाणी जिथे शिरतं ती जागा, मग वाट, मग वळण, जिथे अडचण आली आणि बांधकाम बदललं ती जागा, मग फाटा, शेवटी पाणी जिथे संपतं ते वावर किंवा तो हौद. प्रत्येक जागी पाणी तुमच्याकडे येतं आहे की तुमच्यापासून दूर जातं आहे, हे सगळ्या फोटोंत एकसारखं ठेवा. अर्धे फोटो प्रवाहाकडे तोंड करून आणि अर्धे पाठ करून काढले की सहा महिन्यांनी तुम्हालाच काही कळत नाही. या मालिकेतला सगळ्यात मोलाचा फोटो बाजूने, दूर जाऊन काढलेला असतो. नाल्याच्या पात्रात किंवा धुऱ्यावर इतकं मागे सरका की दोन्ही काठांची जमीन चौकटीत येईल. मग फोटोत दिसतं ते असं: जमीन खाली उतरते, पाट उतरत नाही. सेगोव्हियाचा जलसेतू २८ मीटर उंच का, याचं उत्तर अशाच फोटोत आहे. तिथे दरी खोल आहे म्हणून बांधकाम उंच आहे, पाण्याची रेषा आपल्या जागीच आहे. उंचीचं कौतुक वाटून कमानीच्या पायथ्याशी उभं राहून मोबाइल वर तिरपा केला की भिंती आत झुकतात, रेषा कलते आणि नेमकी हीच गोष्ट हरवते. मोबाइल उभा सरळ धरा, पडद्यावरची चौकटीची जाळी सुरू ठेवा, जाळीची आडवी रेषा पाटाच्या काठाशी जुळवा. जागा कमी पडली म्हणून अर्ध्या पटीचं रुंद भिंग लावू नका, कडेचे खांब जाड होतात आणि मापांचा विश्वास उडतो. वावरातल्या लहान चारीचा उतार मात्र खरोखर दाखवता येतो. गवंडी लेव्हल पाहायला जी पारदर्शक नळी वापरतात ती पाणी भरून चारीच्या दोन टोकांना धरा आणि दोन्ही टोकांचे फोटो मोजपट्टीसह काढा. कालव्यावर हा प्रयोग करू नका, तिथला उतार इतका मंद असतो की नळीच्या दोन टोकांत काही फरक जाणवणार नाही.

आपला दगड काळा आहे, ही गोष्ट फोटो शिकवणारी पुस्तकं सहसा लक्षात घेत नाहीत. बेसाल्टने चौकट भरली की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि काळा दगड राखाडी, धुतल्यासारखा दिसतो. उलट मागे उघडं आभाळ असलं की तो आभाळ सांभाळतो आणि दगडाचा नुसता आकार उरतो. उपाय साधा आहे. पडद्यावर दगडावर बोट ठेवा आणि मग उजेडाची खूण वर-खाली करून दगड डोळ्यांना जसा दिसतो तसा आणा. कमानीखालचा भाग आणि बाहेरचा उजेड एकाच फोटोत बसवायचा हट्ट धरू नका, दोन फोटो काढा. वेळेचं म्हणाल तर मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा दुपारचा उजेड फोटोच्याही कामाचा नसतो आणि माणसाच्याही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी आठ ते दहा हा उत्तम काळ, कारण तिरपं ऊन दगडावरच्या छिन्नीच्या खुणा, दोराच्या खाचा, गिलाव्याचे थर उठवून दाखवतं. शिलालेख असेल तर अंधाऱ्या कोपऱ्यात बाजूने टॉर्च धरा. अक्षरं उठावीत म्हणून खडू भरणं, तेल चोळणं, पाणी ओतणं हे प्रकार अजिबात नकोत. फोटो एक दिवस मिळतो, डाग कायमचा राहतो.

जमिनीखालचं बांधकाम टिपायचं कसं, हा प्रश्न वर्धेकराला थोडा प्रवास करून सोडवता येईल, कारण त्याचे चांगले नमुने मराठी मुलखात आणि त्याच्या सीमेवर आहेत. भुसावळमार्गे बऱ्हाणपूरला गेलं की कुंडी भंडारा आहे, १६१५ च्या सुमाराचा, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातला. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहराकडे आणलेलं आणि वर शंभराहून जास्त कुंड्या, म्हणजे विहिरीसारख्या उभ्या वाटा. बोगदा वरून दिसत नाही, पण कुंड्यांची रांग दिसते. एका कुंडीजवळ उभं राहून पुढच्या तीन-चार एका ओळीत आल्या की जमिनीखालची वाट फोटोत उमटते. छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरची नहर आहे, १६१० च्या दशकातली. तिथलीच पाणचक्की खापराच्या नळांतून हर्सूलच्या बाजूने आलेल्या पाण्यावर चाले. तिथे सगळे लोक उंच भिंतीवरून पडणाऱ्या पाण्याचा फोटो काढतात, पण ते पाणी त्या उंचीवर पंपाशिवाय कसं चढलं हा खरा विषय आहे. बंद नळातलं पाणी आपल्या उगमाच्या उंचीजवळ परत चढतं, म्हणून भिंत आणि मागचा डोंगराकडचा चढ एकत्र दाखवणारी जागा शोधा. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत भुयारी नळ आणला. त्याच्या मार्गावरच्या उभ्या वाटांना पुणेकर उच्छ्वास म्हणतात. शब्द फार नेमका आहे. पाण्याच्या वाटेला श्वास लागतो हे ज्याला कळलं त्याने तो शब्द दिला.

बऱ्हाणपुरात दुसरंही काही शिकायला मिळतं. बोगद्याच्या भिंतींवर चुनखडीचे पांढरे थर चढलेले आहेत. जड पाणी वापरणाऱ्या घरात पाणी तापवायच्या भांड्याच्या बुडाशी जे बसतं, तेच हे. नीमच्या जलवाहिनीतही असे जाड थर आहेत आणि पाणी किती काळ वाहिलं, मधे देखभाल केव्हा सुटली, हे अभ्यासक त्यांवरून वाचतात. तेव्हा असा थर दिसला तर तो घाण म्हणून सोडू नका, शेजारी मोजपट्टी धरून जवळून टिपा. मापासाठी माणूस उभा करण्यापेक्षा स्टीलची पट्टी किंवा मीटरची काठी बरी. माणसाची उंची फोटो पाहणाऱ्याला माहीत नसते, आणि हसणाऱ्या चेहऱ्याकडे डोळा आधी जातो. याच बऱ्हाणपुरात कुंडी भंडाऱ्याचं काम तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूगर्भतज्ज्ञाने केलं असं सांगितलं जातं. गंमत अशी की 'तबकात-उल-अर्ज' याचा अर्थच मुळी 'जमिनीचे थर' असा आहे आणि उर्दूत भूगर्भशास्त्राला तोच शब्द आहे. माणसाचं नाव आणि विद्येचं नाव कुठेतरी एकमेकांत मिसळलं असावं असा संशय यायला जागा आहे. म्हणून फोटोखाली लिहिताना 'असं सांगतात' आणि 'असं आहे' यांत फरक ठेवा. गाव, तालुका, तारीख, तोंड कोणत्या दिशेला, पाणी वाहत होतं की नाही, कालव्यावर साखळी क्रमांक, म्हणजे अंतराचा आकडा, रंगवलेला असेल तर तो, एवढं लिहिलं तरी पुष्कळ झालं.

जाणकार छायाचित्रकार इथे नाक मुरडतील. पट्टी, साखळी क्रमांक, सरळ रेषा, यात फोटो कुठे राहिला? पाहणारा एका फोटोवर थांबतो, बारा फोटोंची मालिका कोण बघणार? आक्षेप खरा आहे, पण तो प्रदर्शनाला लागू पडतो, नोंदीला नाही. आणि नोंद काढून झाल्यावर बाल्दूससारखा एक देखणा फोटो काढायला कुणी अडवलेलं नाही. शिवाय माझं निरीक्षण असं की पाण्याची वाट समजलेल्या माणसाचा देखणा फोटोही बदलतो. तो कमान मधोमध ठेवत नाही, पाणी जिकडे जातं तिकडे जागा मोकळी सोडतो. ज्याला वाटच माहीत नाही त्याच्या फोटोत कमान असते आणि कमानीखाली फक्त सावली. त्यातून रोमचे उत्तमोत्तम फोटो एका बोटावर मिळत असताना आपण पुन्हा त्याच सौंदर्याच्या मागे का लागावं? तुमच्या पांदणीच्या शेवटी असलेल्या थारोळ्याचा फोटो मात्र तुमच्याशिवाय कुणी काढणार नाही.

धोक्यांविषयी थोडक्यात, पण गांभीर्याने. बंद पडलेल्या विहिरीत किंवा कुंडीत फोटोसाठी उतरू नका. तळाशी विषारी वायू साठलेला असतो आणि पहिल्याला काढायला गेलेला दुसराही परत येत नाही. कालव्याचा काठ शेवाळलेला असतो, वाहत्या पाण्यात पडलेल्याला अस्तराला धरून वर येता येत नाही, म्हणून जलसेतूच्या भिंतीवर चालणं नकोच. कमानीखाली आग्यामोहोळ आहे का हे आधी लांबून पाहा. संरक्षित स्मारकात तिपाईला वेगळी परवानगी लागते, ड्रोन तर परवानगीशिवाय बाहेरच काढू नये. पुलगावकडे जाणार असाल तर तिथे लष्कराचं दारूगोळा भांडार आहे हे विसरू नका. त्या बाजूला कॅमेरा वळवायचाच नाही, विषय कितीही निष्पाप असो. आणि वावरात शिरण्याआधी मालकाला विचारा. परवानगी तर मिळतेच, थारोळं कुणी बांधलं हेही बहुधा तोच सांगतो.

फोटो काढून झाले की ते व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवून मोबाइलमधून पुसून टाकू नका. तिथे ते आकसतात आणि तारखेची माहिती गळून पडते. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एक प्रत संगणकावर ठेवा, निवडक फोटो छापून मागे पेन्सिलीने मजकूर लिहा आणि एक संच गावच्या वाचनालयात द्या. एकाच जागी दोनदा जायची तयारी ठेवा: एकदा नहरीला पाणी सुटलेलं असताना, एकदा ती कोरडी पडल्यावर. पाण्यात प्रवाह दिसतो, कोरड्यात तळ, जोड आणि भेगा. रब्बीचं आवर्तन चालू असताना पहिली फेरी करा, आणि दुसऱ्या खेपेला नेमकं तिथेच उभं राहता यावं म्हणून निघण्यापूर्वी आपल्या पायाखालच्या दगडाचाही एक फोटो काढून ठेवा.